चुंबकाला आकडा विचारा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून एक नव्या तऱ्हेचा विक्रेता हिंडू लागला आहे. त्याच्याजवळ गंडा नसतो, दोरा नसतो, अंगारा नसतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग आणि तोंडात शास्त्राची भाषा. बॅगेत चुंबकाचा पट्टा, चुंबकाची बांगडी, पाणी ‘भारणारी’ बाटली आणि चुंबकाच्या गादीचे रंगीत पत्रक. तो ओट्यावर बसतो, पाणी मागतो आणि तीन वाक्ये बोलतो. “ताई, पृथ्वी हे एक मोठे चुंबक आहे. आपल्या रक्तात लोह आहे. म्हणून चुंबक अंगाला लावले की रक्त सुधारते आणि रोग जातो.”

वाचकहो, यातील पहिले वाक्य खरे आहे. दुसरेही खरे आहे. तिसरे मात्र खोटे आहे. दोन खऱ्या नोटांत एक खोटी नोट सरकवून द्यायची, ही बाजारातली जुनी युक्ती. नोटा मोजून घेणाऱ्याच्या ती लक्षात येते, न मोजणारा फसतो.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका वस्तीत आम्ही सामाजिक कामानिमित्त जात असतो. तिथल्या एका कुटुंबाची ही हकिगत. वडील कंत्राटी कामगार, आई एका कँटीनमध्ये भांडी घासते. अकरा वर्षांच्या मुलीला फेफऱ्याचा आजार. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या दोन वर्षे चालू होत्या आणि झटके जवळजवळ थांबले होते. अशात एक विक्रेता आला. त्याने डोक्याला बांधायचा चुंबकाचा पट्टा साडेआठ हजार रुपयांना हप्त्याने दिला. वर सल्लाही दिला, की गोळ्यांनी मेंदू सुस्त होतो, आता त्या बंद करा. आई-बापांनी मुलीच्या भल्यासाठीच ते ऐकले. तिसऱ्या आठवड्यात मुलीला चुलीजवळ झटका आला आणि तिचा उजवा हात भाजला. विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. हप्ते मात्र चालू आहेत. मुलीच्या गोळ्या आता पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि ती शाळेत जाऊ लागली आहे.

अशा वेळी “विश्वास ठेवू नका” एवढे सांगून भागत नाही. समोरचा शास्त्राच्या नावाने बोलत असेल, तर उत्तरही शास्त्रानेच दिले पाहिजे. आम्ही वाणिज्य शाखेचे, दिवसभर खातेवह्या पाहणारे लोक. परंतु एक गोष्ट आम्हांला नोकरीने शिकवली आहे. रक्कम लिहिलेली नसेल, तर ती पावती नव्हे. चुंबकाचेही तसेच आहे. चुंबकत्व ही मोजण्याची वस्तू आहे आणि ती मोजणाऱ्यांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षे आपल्या महाराष्ट्रातच मोजून ठेवली आहे. तेव्हा आज आपण तो हिशेबच पाहू.

पृथ्वीचे खाते

चुंबकत्व मोजण्याचे माप टेस्ला या नावाने ओळखले जाते. हे माप फार मोठे आहे, म्हणून रोजच्या कामाला त्याचा एक अब्जांश भाग, म्हणजे नॅनोटेस्ला वापरतात. जसे रुपयाचे पैसे, तसे हे समजावे. आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकत्व सुमारे ४४ हजार नॅनोटेस्ला भरते. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळवण्यापुरते हे बळ आहे. त्याने टाचणीसुद्धा जागची हलत नाही.

हा आकडा आपल्याकडे मोजायला सुरुवात केव्हा झाली? मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ साली चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. बारीक धाग्याने टांगलेल्या चुंबकाकडे पाहून तासातासाला वहीत आकडा लिहायचा, दिवसा आणि रात्रीसुद्धा. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि पृथ्वीच्या चुंबकत्वात वादळ उठले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. कुलाब्याच्या वहीत त्या वेळी पृथ्वीचे आडवे चुंबकत्व सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याची नोंद झाली. तब्बल १४४ वर्षांनी, २००३ साली, ब्रूस त्सुरुतानी या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील जी. एस. लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांच्याबरोबर याच नोंदींच्या आधारे त्या वादळाचा नव्याने अभ्यास मांडला. ज्या निरीक्षकांनी ती वही भरली त्यांची नावे आज फारशी कुणाला माहीत नाहीत, पण त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेला आकडा दीड शतकाने जगाच्या कामी आला.

पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकत्व तयार होते, त्यामुळे कुलाब्याचे माप बिघडणार हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळेचे हे काम अलिबागला हलवले. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. जुन्या-नव्या मापांचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदमच मोजणी चालू ठेवली. अलिबागच्या त्या इमारतीत लोखंडाचा खिळाही चालणार नव्हता आणि आपला काळा दगडही नको होता. म्हणून पोरबंदरचा दगड आणून, पितळ-तांब्याचे सामान वापरून ती बांधली. हे काम आज भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते.

काळा दगड का नको? कारण त्यातच चुंबकत्व आहे. शेंद्र्याला कारखान्यांसाठी जमीन सपाट करताना जो काळा कातळ फुटतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा थिजलेला रस आहे. त्यात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. रस थंड होताना त्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली. गंमत म्हणजे त्यातील पुष्कळ थरांत ती दिशा आजच्या उलट सापडते. म्हणजे त्या काळी पृथ्वीचे उत्तर-दक्षिण ध्रुव उलटे होते. अशा कातळावरून मोजणीचे यंत्र घेऊन चालत गेले, तर पाच-पन्नास पावलांत आकडा शेकडो नॅनोटेस्लांनी वर-खाली होतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या याच कातळावर घरे बांधली, त्याच्याच पाट्यावर चटणी वाटली. आपल्या रक्ताला त्याची खबरही लागली नाही.

उत्तरेची उशी आणि रक्तातले लोह

आता उत्तरेकडे डोके करून झोपू नये, या समजुतीकडे वळू. ही समजूत फार जुनी आहे आणि तिचा मूळ संबंध प्रेताच्या दिशेशी आहे, चुंबकाशी नाही. शास्त्राचा काळ आला तशी तिने शास्त्राचा सदरा चढवला. “उत्तरेला डोके केले की पृथ्वीचे चुंबक रक्त डोक्यात ओढते,” असे आता शिकलेले लोकही सांगतात. मग आकडा विचारू या. ४४ हजार नॅनोटेस्ला. डोके उत्तरेला करा की दक्षिणेला, हा आकडा तोच राहतो.

त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. दवाखान्यातील एमआरआय यंत्राचे चुंबकत्व साधारण दीड टेस्ला, म्हणजे १५० कोटी नॅनोटेस्ला असते. पृथ्वीच्या सुमारे ३४ हजार पट. त्या नळीत माणूस अर्धा तास पडून राहतो आणि चालत घरी जातो. त्याचे रक्त डोक्यातही जमत नाही की पायातही उतरत नाही. जे ३४ हजार पट चुंबकाने होत नाही, ते उशीची दिशा बदलल्याने होईल काय?

इथे कुणी म्हणेल, रक्तात तर लोह आहेच. आहे, पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखे नाही. रक्तातल्या लोहाचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, एकेक अणू हिमोग्लोबिनच्या मोठ्या रेणूत अडकलेला असतो. १९३६ साली लायनस पाउलिंग आणि चार्ल्स कोरियेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिले. प्राणवायूने भरलेले रक्त चुंबकाकडे ओढले जाण्याऐवजी अगदी किंचित दूर ढकलले जाते. प्राणवायू सोडलेले रक्त अगदी किंचित ओढले जाते. दोन्ही परिणाम इतके क्षीण आहेत, की हृदयाच्या पंपापुढे त्यांची गणती होत नाही.

खरे लोखंड मात्र एमआरआय सोडत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात प्राणवायूची टाकी घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेला एका रुग्णाचा नातेवाईक टाकीसकट यंत्राकडे खेचला गेला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. टाकी खेचली गेली, रक्त नव्हे. तेव्हा त्या खोलीत जाताना किल्ल्या, नाणी, चाकाची खुर्ची, टाकी काहीही बरोबर नेऊ नका, कुणी नेण्यास सांगितले तरी आधी तंत्रज्ञाला विचारा.

राहता राहिले आपल्या घरचे. कुशिनारा येथे दोन शालवृक्षांमध्ये तथागतांची अखेरची शय्या उत्तरेकडे डोके करून मांडली होती, असे महापरिनिब्बान सुत्तात नमूद आहे. म्हणून आपण उत्तरेलाच झोपावे, असा उलटा नियम आम्ही सांगत नाही. खोलीत पंख्याचा वारा जिथे लागेल आणि लेकरांना जागा पुरेल, तिकडे डोके करावे.

अंगातले खरे चुंबकत्व

मग माणसाच्या शरीरात चुंबकत्व नसतेच काय? असते. विक्रेता सांगतो त्यापेक्षा ते फार वेगळे आणि फार सुंदर आहे. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते, हे १८२० साली ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने दाखवले. आपले हृदय आणि मेंदू सूक्ष्म विजेवर चालतात. म्हणून हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर आणि मेंदूच्या प्रत्येक हालचालीबरोबर शरीराबाहेर क्षीण चुंबकत्व उमटते.

किती क्षीण? हृदयाचे छातीजवळ फार तर एक दशांश नॅनोटेस्ला. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे चार लाख भाग केले, तर त्यातला एक भाग. मेंदूचे त्याहूनही शेकडो पट कमी. जत्रेतल्या गोंगाटात कुण्या लेकराच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची, असे हे काम आहे. १९६३ साली अमेरिकेत बाऊल आणि मॅकफी यांनी तारेचे लक्षावधी वेढे असलेल्या गुंडाळ्या वापरून हृदयाचे चुंबकत्व पहिल्यांदा टिपले. पुढे स्क्विड नावाची यंत्रे आली. ती उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमच्या थंडीत ठेवावी लागतात. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे आपल्या शास्त्रज्ञांनीही अशी यंत्रे उभी केली. पण ती मोठी, महाग आणि एका जागी खिळलेली. बरणीएवढ्या भांड्यात डोके धरून स्थिर बसायचे. लहान मूल कसे बसणार? शिवाय ते शिरस्त्राण मोठ्या माणसाच्या मापाचे. लहान डोके आत पोकळ राहते आणि मेंदूचा आवाज दूर पडतो.

यावर उपाय निघाला तो काचेच्या एका लहानशा कुपीतून. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

रुबिडियम आणि सीझियम नावाचे दोन धातू आहेत. सीझियम सुमारे २८ अंशांवर वितळते आणि रुबिडियम ३९ अंशांवर. म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या मे महिन्यात हे दोन्ही धातू भर दुपारी कुपीत पातळ होऊन बसतील. कुपी आणखी तापवली की त्यांची वाफ होते. त्या वाफेतला प्रत्येक अणू म्हणजे एक इवलेसे चुंबक आणि ते भोवऱ्यासारखे वागते. एरवी या भोवऱ्यांची तोंडे दाही दिशांना असतात, त्यामुळे त्यांच्याकडून काही कळत नाही.

आल्फ्रेड कास्तलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने यावर युक्ती काढली. हे गृहस्थ आरंभीची काही वर्षे शाळेत शिक्षक होते. १९५० साली त्यांनी दाखवले, की विशिष्ट तऱ्हेने वळवलेला प्रकाश त्या वाफेतून सोडला, तर अणू तो प्रकाश गिळता गिळता सगळे एकाच दिशेला तोंड करतात. पंपाने पाणी वर चढवावे तसे प्रकाशाने अणू एका जागी चढवायचे, म्हणून याला प्रकाशाचे पंपन म्हणतात. या कामाबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढची मौज अशी. सभेत सगळे श्रोते खाली बसले, की मागच्या रांगेतल्या माणसालाही व्यासपीठ स्वच्छ दिसते. मध्येच चार माणसे उभी राहिली, की आड येतात. कुपीतही हेच घडते. सगळे अणू एका दिशेला ‘बसले’ की ते आणखी प्रकाश गिळू शकत नाहीत आणि प्रकाश कुपीच्या आरपार जातो. बाहेरून जरासे चुंबकत्व आले, की अणूंची तोंडे कलतात, जणू माणसे उभी राहतात, आणि पलीकडे पोहोचणारा प्रकाश मंद होतो. प्रकाश किती मंदावला ते पाहायचे आणि चुंबकत्व किती ते सांगायचे.

दुसरी रीत मोजण्याची आहे. चुंबकत्वात सापडलेला अणू भोवऱ्यासारखी मान डोलावतो. सीझियमचा अणू दर नॅनोटेस्लामागे सेकंदाला साडेतीन वेळा मान डोलावतो. आपल्याकडच्या ४४ हजार नॅनोटेस्लांत तो सेकंदाला सुमारे १ लाख ५४ हजार वेळा डोलावेल. ही डोलावणी मोजली की झाला हिशेब. हा दर शेंद्र्यात तोच, अलिबागला तोच आणि लंडनलाही तोच. निसर्गाने प्रत्येक अणूबरोबर हे माप शिक्का मारून पाठवले आहे, वाण्याच्या वजनासारखे ते झिजत नाही.

१९५७ साली अमेरिकेत डेहमेल्ट यांनी आणि बेल व ब्लूम या जोडीने या तत्त्वावर चुंबकत्व मोजण्याचा मार्ग दाखवला. जमिनीतील खनिजे व खडकांच्या भेगा शोधणारे भूशास्त्रज्ञ अशी सीझियमची यंत्रे खांद्यावर किंवा विमानाला लावून नेतात. २०१३ साली युरोपने सोडलेल्या ‘स्वॉर्म’ या तीन उपग्रहांवरही याच जातीचे, हेलियमच्या अणूंवर चालणारे यंत्र आहे. २००३ साली अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातील मायकेल रोमॅलिस यांच्या गटाने ही कुपी इतकी तीक्ष्ण केली, की नॅनोटेस्लाच्या दहा लाखाव्या भागाहूनही बारीक चुंबकत्व तिला जाणवू लागले. मेंदूची कुजबुज ऐकणारा कान मिळाला.

देणारे चुंबक आणि ऐकणारे यंत्र

मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाने लंडनच्या शास्त्रज्ञांसह रुबिडियमच्या कुप्या बसवलेले शिरस्त्राण जाहीर केले. ते घालून माणूस मान हलवू शकत होता, पाणी पिऊ शकत होता, चेंडू-फळी खेळू शकत होता आणि त्याच वेळी त्याच्या मेंदूची नोंद होत होती. २०१९ साली त्याच गटाने सायकलस्वाराच्या हेल्मेटमध्ये या कुप्या बसवून दोन आणि पाच वर्षांच्या मुलांच्या मेंदूची नोंद घेतली. त्या वेळी आई जवळ बसून मुलाच्या हाताला हात लावत होती. जे मूल अवाढव्य यंत्रापुढे घाबरून रडले असते, ते आईजवळ बसून तपासले गेले.

याचा आपल्याशी काय संबंध? संबंध फेफऱ्याशी आहे. ज्या रुग्णांचे झटके औषधांनी थांबत नाहीत, त्यांच्यापैकी काहींना शस्त्रक्रियेने बरे करता येते. पण झटका मेंदूत नेमका कुठून उठतो, ते आधी कळावे लागते. मेंदूचे चुंबकत्व ऐकणारी यंत्रे ती जागा शोधायला मदत करतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत स्क्विडवर चालणारे असे यंत्र आहे. वाफेच्या कुप्यांचे शिरस्त्राण मात्र अजून आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळणारी वस्तू नाही. त्याला पृथ्वीचे चुंबकत्व अडवणारी खास खोली लागते. अलिबागची गोष्ट आठवा. बारीक आवाज ऐकायचा तर आधी गोंगाट बाहेर ठेवावा लागतो.

आता हे शिरस्त्राण आणि तो साडेआठ हजारांचा पट्टा शेजारी ठेवून पाहा. दोन्ही डोक्याला लागतात, दोहोंच्या नावात चुंबक आहे. शिरस्त्राण मेंदूला काही देत नाही, ते फक्त ऐकते आणि जे ऐकले ते आकड्यात लिहून डॉक्टरांच्या हाती देते. पट्टा काहीच ऐकत नाही, तो देण्याचा आव आणतो. अशा पट्ट्यातील चुंबकत्व कातडीपाशी साधारण काही कोटी नॅनोटेस्ला असते आणि दोन बोटे आत जाताच झपाट्याने ओसरते. एमआरआयचे १५० कोटी. चुंबक नुसते डोक्याजवळ ठेवल्याने फेफरे गेले असते, तर एमआरआय काढलेला प्रत्येक रुग्ण त्याच दिवशी बरा होऊन घरी आला असता. दुखण्यावर चुंबक लावून पाहिलेल्या अनेक चाचण्या एकत्र तपासून २००७ साली मॅक्स पिटलर, एडझार्ड अर्न्स्ट आदी संशोधकांनी निष्कर्ष दिला, की अशा चुंबकांनी वेदना कमी होतात याला पुरावा मिळत नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. फार वेगाने बदलणारे, यंत्राने ठोके देणारे चुंबकत्व मेंदूत सूक्ष्म वीज निर्माण करू शकते आणि नैराश्याच्या काही रुग्णांवर डॉक्टर त्याचा उपचार करतात. पण ते काम दवाखान्यातल्या विजेच्या यंत्राचे आहे. पट्ट्यात शिवलेल्या चकत्यांना ते जमत नाही. उलट ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे, त्यांनी असले पट्टे आणि गाद्या जवळही आणू नयेत, त्याने पेसमेकरच्या कामात अडथळा येतो.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, फेफरे हा मेंदूचा आजार आहे. बाहेरची बाधा नाही आणि संसर्गही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य औषध नियमित घेतले, तर १०० पैकी सुमारे ७० रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, एकदम बंद केल्याने झटके जोराने परत येतात. घाटी रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी दाखवा. झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा, चूल, पाणी, धारदार वस्तू दूर करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर लगेच दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या यादीतील आजार बरे करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे आणि त्या यादीत फेफरे आहे, मधुमेह आहे, कर्करोगही आहे. छापील पत्रक हीसुद्धा जाहिरातच. ते फाडून टाकू नका, जपून ठेवा. पावती मागा. अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी तो लिहून द्यावा, हेही समाजकार्यच आहे.

तिसरी गोष्ट आपल्या तरुणांसाठी. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मंजुरी दिली. अणूंच्या साहाय्याने चुंबकत्व मोजणारी तीक्ष्ण यंत्रे देशात तयार करणे, हे तिच्या उद्दिष्टांत लिहिलेले आहे आणि मोजमापाच्या या शाखेचे केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईत आहे. या कामाला केवळ मोठे शास्त्रज्ञ लागत नाहीत. काच फुंकणारे, लेसर जुळवणारे, विजेची जोडणी करणारे, नोंदी ठेवणारे हातही लागतात. शेंद्र्याच्या कारखान्यांत आपली मुले मोजमापाच्या यंत्रांवर रोज काम करतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडणाऱ्या हातांना नॅनोटेस्लाचे भय वाटायचे कारण नाही. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, उपकरणशास्त्र या शाखांकडे मुलींना आणि मुलांना पाठवा. ज्या कुटुंबातले एक माणूस मोजायला शिकते, त्या घरात खोटी नोट खपत नाही.

तेव्हा आयाबहिणींनो आणि बंधूंनो, उद्या तुमच्या ओट्यावर कुणी शास्त्राचे नाव घेऊन वस्तू विकायला बसला, तर त्याला पाणी जरूर द्या, पण तीन प्रश्न विचारा. किती आहे? कशाने मोजले? तुमच्याशिवाय आणखी कुणी ते तपासले? कुलाब्याच्या वहीजवळ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. रुबिडियमच्या कुपीजवळही आहेत. ज्याच्याजवळ नाहीत, त्याला आपल्या घामाचे पैसे देऊ नका आणि लेकराच्या गोळ्या तर मुळीच बंद करू नका.